पंचवीस वर्षं जास्त जगलेला सुलतान

डिसेंबर लागला की इंदुरात दोन गोष्टी एकदम दिसायला लागतात. हातगाड्यांवर गराडू, आणि आमच्या इतिहास विभागात एम.ए.चे लघुप्रबंध. गराडू हा इकडचा कंद. तो एकदा तळून ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की पुन्हा तळून, लिंबू पिळून, वर जीरावनचा मसाला भुरभुरून देतात. लघुप्रबंधाचीही रीत साधारण तीच. आदल्या वर्षीचा एकदा तळलेला माल, नवं नाव, नवं कव्हर, वरून थोडा मसाला. तेवीस वर्षं मी दोन्ही खाते आहे. गराडू अजून आवडतात.

काल दुपारी मावठा झाला. हा हिवाळ्यातला चुकार पाऊस गव्हा-हरभऱ्याला मानवतो, आमच्या विभागातल्या कपाटांना मानवत नाही. तासाभरात व्हरांड्यात ओल्या पुठ्ठ्याचा, गंजक्या टाचण्यांचा आणि जुन्या डिंकाचा वास भरला. या वासाबरोबर माझा एक हिवाळा परत येतो. त्याला सहा वर्षं झाली. मी त्याला कधी बोलावलेलं नाही.

त्या वर्षी आमच्याकडे शेवटच्या वर्गात तीनच मुलं होती. इतिहास घेणारी मुलं हल्ली मोजकीच. बाकीची स्पर्धा परीक्षा देतात आणि इतिहास पाठ करतात. दीपेश धारजवळच्या एका गावचा, बोलताना दर तिसऱ्या शब्दाला ‘भिया’, म्हणजे भैया, म्हणणारा. मलाही एकदोनदा म्हणाला होता. नाझिया शहरातल्याच खजरान्याची. उर्दू लिपी तिच्या घरचीच, त्यामुळे दगडांवरची फारसी अक्षरं ती आम्हाला लावून द्यायची. आणि शुभांगी, परदेशीपुऱ्यातली. आजोबा महाराष्ट्रातून इथल्या गिरणीत आले. गिरणी बंद पडली, आणि वडील एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकून झाले. शुभांगीची मराठी अस्सल इंदुरी होती. “मॅडम, फोटो तर काढले, पण धूप इतकी तेज होती ना, अक्षरं दिसूनच नाही राहिली.” साताऱ्याहून आलेल्या मला पहिली काही वर्षं ही मराठी टोचायची. आता साताऱ्याला गेले की तिथल्यांना माझी टोचते.

विषय मांडूचे सुलतान. दिल्लीची पकड सुटल्यावर माळव्यात एक सल्तनत उभी राहिली, आधी धारला, मग मांडूच्या पठारावर, आणि काही पिढ्यांत संपली. दोन तळ्यांच्या मधला जहाजासारखा महाल, कलत्या भिंतींचा दरबार, संगमरवरी कबर एवढं पर्यटक पाहतात. गाइड त्यांना एक प्रेमकथा सांगतो आणि ते समाधानाने परत जातात. सुलतानांचा डामडौल मला कधी फारसा समजला नाही. ज्याला आपल्या मोठेपणाची खात्री असते तो इतक्या उंच कमानी बांधत नाही, असं माझं एक कच्चं मत आहे. परीक्षेत कुणी लिहिलं तर मार्क देणार नाही.

शुभांगी पहिल्याच दिवशी म्हणाली, “मॅडम, राजांचं तर सगळ्यांनी लिहिलंय. मी छोट्या दगडांवर करू?”

छोटे दगड म्हणजे विहिरीच्या काठावर, मशिदीच्या उंबऱ्याशी, कुणाच्याशा साध्या कबरीवर कोरलेले दोन-चार ओळींचे लेख. अमक्या सुलतानाच्या राज्यात, अमक्या साली, तमक्याने ही विहीर बांधली. तो तमका कोण, हे कुणी विचारत नाही. पुस्तकात अशा दगडांची जागा शेवटी, बारीक टायपात असते.

“हेच का?” मी विचारलं.

“आजोबांच्या गिरणीच्या भिंतीवर ना मॅडम, मालकाचं नाव अजून आहे. इतकं मोठं. आजोबांनी तीस साल काढले तिथं. त्यांचं नाव फक्त आमच्या घरच्या पितळी डब्यावर आहे.”

मी तिच्या नावापुढे विषय लिहून टाकला.

डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही चौघं भाड्याच्या जीपने मांडूला गेलो. तिथली ती अवाढव्य झाडं, ज्यांच्या फळाला लोक मांडूची इमली म्हणतात, पानं गाळून उभी होती. फांद्यांना फळं लोंबत होती, शेपटीने टांगलेल्या उंदरांसारखी. दीपेशने एक विकत घेऊन फोडलं आणि सगळ्यांची तोंडं वाकडी केली. झिजलेला लेख वाचायला उजेड समोरून चालत नाही, कडेने लागतो. नाझियाच्या पर्समधला छोटा आरसा दीपेश उन्हात तिरका धरायचा, उजेडाची पट्टी दगडावरून सरकवायचा, आणि एका क्षणी सपाट दगडातून अक्षरं उठायची. झोपलेलं माणूस कुशीवर वळावं तशी. “रोक, रोक, वहीं रोक!” नाझिया ओरडायची. ती वाचायची, शुभांगी लिहायची. थंडीने लाल झालेलं तिचं नाक, वहीवर वाकलेली मान आणि दगडावरची उजेडाची थरथरती पट्टी, एवढं मला अजून लख्ख दिसतं.

जेवताना दीपेशने नाझियाला विचारलं, “तुम्हारा रमज़ान हमेशा गर्मी में ही आता है क्या?”

“नहीं भिया, खिसकता रहता है. अब्बू बताते हैं, उनके बचपन में जाड़े में आता था. तब रोज़ा झट से खुल जाता था. हमारी क़िस्मत में जून आया.”

मला निमित्तच मिळालं. मास्तरकी जेवतानाही सुटत नाही. एक काडी घेऊन मी मातीवर आकडे काढले. हिजरी वर्ष चंद्राचं, आपल्यापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. आपली शंभर वर्षं होतात तोवर त्यांची एकशे तीन होऊन जातात. म्हणून दगडावरच्या हिजरी सालात नुसते सहाशे बावीस मिळवले की आपलं साल निघत नाही. आधी शेकड्यामागे तीन वजा करायचे, मग मिळवायचे, आणि तरीही शेवटी छापील तक्त्याशी ताडून बघायचं. नाहीतर आठ-नऊ शतकांत पंचवीस वर्षांचा घोळ होतो. “पंचवीस वर्षं म्हणजे एक आख्खा सुलतान!” मी म्हटलं, आणि माझ्या विनोदावर मुलं हसली.

हे मी स्वतः सांगितलं होतं. मांडूच्या मातीवर, काडीने.

मुलांना मी आणखी एक गोष्ट शिकवायचे. वहीत कुठलाही आकडा लिहिला की तो कुठून आला त्याचा कागद त्याच पानामागे टाचायचा. पुस्तकातला असेल तर झेरॉक्स. कुणी सांगितला असेल तर त्या माणसाचं नाव, कुठे सांगितलं, केव्हा सांगितलं. टाचणी नाही तर आकडा नाही. आणि एकदा टाचलेला कागद सुटा करायचा नाही. सुटा झाला की तो पुरावा राहत नाही, नुसता कागद होतो. दीपेश याला ‘मॅडम का टाचणीवाद’ म्हणायचा आणि स्वतः स्टेपलरसुद्धा आणायचा नाही. शुभांगी मात्र एका डबीत टाचण्या घेऊन फिरायची. तिची फाइल उचलली की हाताला बोचायची.

तिला हैदराबादला जायचं होतं. तिथे दोन वर्षं राहून फारसी आणि शिलालेख वाचायचं नीट शिकायचं होतं. नाझियाच्या डोळ्यांनी किती दिवस वाचणार, म्हणायची. अडचण एकच होती. त्याआधी, दिवाळीनंतर, तिचे बाबा मला भेटायला विभागात आले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात डब्याची पिशवी. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत.

“मॅडमजी, पोरगी होशियार है, हे तुम्ही सांगता. घरी तिची आई पण सांगते. पण असं है ना, घरचे लोक तर वाहवा करणारच. आणि तुम्ही तर आता घरच्यासारख्याच. मी नाही म्हणत नाही. परीक्षेला ते बाहेरचे सर येतात ना, त्यांनी एक वेळ सांगितलं की हिच्यात दम है, तर मी पाठवतो. पक्का. बाहेरच्या माणसाला काय पडलंय खोटं बोलायचं?”

या माणसावर रागावता येत नव्हतं. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालाच्या पावत्या फाडल्या, त्याचा सही-शिक्क्यावर विश्वास असणारच. आणि मला खात्री होती. बाहेरचा कुणीही येऊ दे, या पोरीचं काम बघून तो दुसरं काय म्हणणार?

डिसेंबरच्या अखेरीस आमच्याकडे राष्ट्रीय परिसंवाद भरायचा होता. सुलतान आपल्या नावाआधी पदव्यांच्या दोन ओळी लावत. आमच्या निमंत्रणपत्रिकेला पाच लागल्या. माझ्याकडे शाली, श्रीफळं आणि स्मृतिचिन्हं आली. अशा समारंभांची मी वर्षानुवर्षं टिंगल केली आहे, आणि वर्षानुवर्षं त्यांच्या शाली मोजल्या आहेत. कुणाला भगवी, कुणाला पांढरी, कुणाची कडा जरीची यावर त्या आठवड्यात जेवढा विचार केला तेवढा पंधराव्या शतकावर केला नसेल. एका पाहुण्याच्या स्मृतिचिन्हावर दुसऱ्याचंच नाव कोरून आलं होतं. मी ते हातात घेऊन फोनवर दुकानदाराशी भांडत होते, तेव्हा शुभांगी दाराशी येऊन उभी राहिली. छातीशी फाइल.

“मॅडम, दोन मिनट? हिजरी सन बदलायचे होते. तक्ता लायब्ररीत सापडून नाही राहिला. ते मांडूला सांगितलेलं, तीन वजावालं, ते नक्की कसं होतं?”

माझ्या कानाशी फोन, हातात चुकलेलं स्मृतिचिन्ह. समोरच्या टेबलावरची एक चिठ्ठी ओढली, पेन्सिलीने लिहिलं: + ६२२. “सध्या हे मिळव. तक्ता आपण मग बघू.”

तिने चिठ्ठी घेतली, वाचली. काहीतरी विचारणार होती. मी फोनमध्ये म्हणाले, “भाईसाहब, नाम तो सही कोरो!” आणि ती गेली.

ते ‘मग’ आलं नाही.

काही दिवसांनी तिने एक प्रकरण आणून दिलं. ते मी एका बैठकीत वाचून काढलं. तिच्या छोट्या दगडांवर एका सुलतानाचं नाव होतं, पण साल त्याच्या मृत्यूनंतरचं निघत होतं. एका दगडावर नाही, पाच-सहा दगडांवर. पंचवीस वर्षांनंतरही विहीर बांधणारा त्याच्याच नावाने बांधत होता. कबरीवर त्याचंच राज्य चालू होतं. शुभांगीने याचा अर्थ लावला होता. तख्तावर मुलगा आला, पण गावोगावच्या माणसांच्या मनातला राजा बदलला नाही. दरबारात इतिहास ताबडतोब घडतो, विहिरीपर्यंत पोचायला त्याला एक पिढी लागते. कारागिराने बापाकडून शिकलेली ओळ पुढे कोरत ठेवली असेल. किंवा त्या मेलेल्या माणसाबद्दल कुणाला खरंच माया असेल. सुलतानाबद्दल लोकांना माया असू शकते, हे मला तोवरच्या सतरा वर्षांत सुचलं नव्हतं.

समासात मी लिहिलं, ‘सुंदर!’ त्याखाली रेघ मारली.

सुंदर होतंच ते. फक्त खरं नव्हतं, आणि ते तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही. दगडावरचा सुलतान दगड कोरला तेव्हा जिवंत होता. धडधाकट, शिकारीला जाणारा. त्याला पंचवीस वर्षं जास्त जगवलं होतं ते लोकांच्या मायेने नव्हे, माझ्या पेन्सिलीने.

परिसंवादात दीपेशने या निष्कर्षाचा भला मोठा फ्लेक्स केला. तीन दिवस तो सभागृहाच्या दाराशी होता. देशभरातून आलेले इतिहासकार त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढत होते. पाठ फ्लेक्सकडे होती, म्हणून कुणाला काही दिसलं नसावं. प्रमुख पाहुण्यांनी तर भाषणात त्याचा दाखला दिला. खरा नेता मेल्यावरही राज्य करतो, असं काहीतरी, आणि टाळ्या झाल्या. शुभांगीचे कान लाल झाले. ती मागच्या रांगेत होती. मी बाजूला ताटात शाली घेऊन उभी होते. मीही टाळ्या वाजवायला गेले, पण हात रिकामे नव्हते.

तोंडी परीक्षा जानेवारीच्या शेवटी झाली. त्याही दिवशी मावठ्याचं आभाळ होतं. बाहेरगावाहून एक वयस्कर प्राध्यापक आले होते. ना शाल हवी, ना गाडी. रिक्षाने आले, स्वेटरची बाही कोपरावर रफू केलेली. असा माणूस कित्येक वर्षांत दिसला नव्हता. मला आनंद झाला. वाटलं, शुभांगीला अगदी हवा तसा परीक्षक मिळाला.

त्यांनी पानं सावकाश उलटली. दोनदा “वाह” म्हणाले. मग एका पानावर त्यांची पेन्सिल थांबली. त्यांनी कोपऱ्यात काहीतरी गणित केलं, पुन्हा केलं.

“बेटा, ये सन कैसे निकाले?”

“हिजरी में छह सौ बाईस जोड़कर, सर.”

“सिर्फ़ जोड़कर?”

मला वाटतं, त्याच क्षणी तिला मांडूची ती काडी आठवली. चेहऱ्यावरून कळलं. आधी भुवया हलल्या, मग ओठांचा रंग गेला.

“इसका आधार क्या है?” त्यांच्या आवाजात चढ नव्हता. ते खरंच विचारत होते.

तिच्या मांडीवर फाइल होती. तिने ती उघडली, पानं चाळली, एका जागी थांबली. मग तळहात त्या पानावर सपाट ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता. स्टॉपवर बस येताना आपण शेजारच्याकडे बघतो ना, हीच का आपली, तसं पाहिलं.

माझ्यासमोर चहा होता. त्याच्यावर साय धरली होती. मी साय बघत होते.

“ग़लती मेरी है, सर,” शुभांगी म्हणाली, आणि तिने फाइल मिटली.

मी का बोलले नाही याची कारणं शोधली तर मिळतात. विभागप्रमुख शेजारी होते. ‘संपूर्ण काम मी तपासले आहे’ या दाखल्यावर माझी सही होती. बढतीचे कागद वर गेले होते. इतिहासाच्या माणसाला कारणं नेहमीच मिळतात, तो आमचा धंदाच आहे. पण खरं एवढंच की तोंड उघडायचा क्षण गेला, आणि पुढचा प्रत्येक क्षण आधीच्याहून जड होत गेला. अजून होतो आहे.

बाहेर व्हरांड्यात तिचे बाबा उभे होते. अर्ध्या दिवसाची रजा घेऊन. हातात पेढ्यांचा पुडा, दोऱ्याने बांधलेला. परीक्षक बाहेर पडले तसे ते पुढे झाले.

“सर, मैं उसका पिता. बस एक बात पूछनी थी. बच्ची में दम है?”

ते भले गृहस्थ होते. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं, आणि दुखवायचंही नव्हतं. “बहुत मेहनती है,” ते म्हणाले. “दिल से काम करती है. पर भाईसाहब, इस काम में मेहनत से ज़्यादा बारीकी लगती है.”

बाबांनी मान हलवली. हे त्यांना कळणारं कारण होतं. पावतीत एक आकडा चुकला की ट्रक भलत्या शहरात जातो. त्यांनी परीक्षकांना पुडा दिला, नमस्कार केला. मुलीला म्हणाले, “चल बेटा,” आणि दोघं जिना उतरून गेले. पाऊस भुरभुरत होता. मी कठड्याशी उभी होते. तेव्हाही वेळ होती. जिन्याच्या पायऱ्या बावीस आहेत.

हैदराबाद राहिलं. दीपेश कोचिंग क्लासात सुलतान पाठ करून घेतो. नाझियाने बी.एड. केलं. शुभांगी तुकोगंजात एका डोळ्यांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसते. नंबर लावते, तारखा देते. माझा मोतीबिंदू तिथेच दाखवते मी. दुसरीकडेही जाता आलं असतं. ती उठून उभी राहते, पाया पडते, “मॅडम, तीन तारखेला साडेदहाला या, उपाशी नका येऊ,” म्हणते. कार्डावर तारीख लिहिते आणि एकदा कॅलेंडरवर बोट ठेवून ताडून बघते. सगळ्यांचीच बघते. त्या दवाखान्यात तारखेची चूक झालेली कुणी ऐकलेली नाही.

नुसत्या चंद्रावर चालणाऱ्या वर्षाला ऋतू नसतो, याचा मी बरेचदा विचार करते. त्यातला सण उन्हातून पावसात, पावसातून थंडीत फिरत राहतो. त्यातलं दुःखही तसंच फिरत असेल. एखाद्या वर्षी आंब्याच्या दिवसांत येत असेल, तेव्हा त्याची धार जरा कमी होत असेल. माझं तसं नाही. माझं सूर्यावर चालतं. दरवर्षी गराडूच्या गाड्या लागतात, मावठा होतो, पुठ्ठ्यांना वास येतो, आणि ते नेमकं त्याच जागी हजर होतं. एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही.

काल तर त्याने जरा पुढचं पाऊल टाकलं. आज अकराला आमच्याकडे तपासणी समिती येणार, म्हणून आठवडाभर विभागात रंगकाम चाललं आहे. भाड्याने कुंड्या आल्या. जुनी कपाटं रिकामी करा, असा हुकूम निघाला. काल दुपारी पाऊस लागला तेव्हा मी त्या ढिगात बसून काय ठेवायचं, काय टाकायचं ते बघत होते. एका फाइलने हाताला टोचलं. नाव वाचायची गरज नव्हती.

ती परीक्षेच्या दिवशी विभागात जमा झाली असणार, नियमच होता. मी सहा वर्षांत उघडली नव्हती. सालांच्या तक्त्याचं पान काढलं आणि उलटं केलं. मागे, गंजलेल्या टाचणीने, माझी चिठ्ठी. + ६२२. पेन्सिल जराही पुसट नाही. चिठ्ठीखाली, पानावरच, शुभांगीचं बारीक अक्षर: ‘स्रोत: मॅडम, विभागात, दुपारी. छापील तक्ता बघायचा बाकी. मॅडम दाखवणार आहेत.’

म्हणजे परीक्षकांनी आधार विचारला तेव्हा तिच्या तळहाताखाली हे होतं. पान फिरवून दाखवलं असतं तर संपलं असतं. मीच शिकवलं होतं, आकडा विचारला की टाचणी दाखवायची.

मी टाचणी काढली, चिठ्ठी पर्समध्ये टाकली, फाइल ढिगावरच ठेवली आणि तशीच रिक्षा करून परदेशीपुऱ्याला गेले. पाऊस थांबला होता. गिरणीची भिंत ओली होती. मालकाचं नाव खरंच अजून आहे. इतकं मोठं.

बाबा घरीच होते. निवृत्त झालेत, पण शर्ट इस्त्रीचाच. “अरे, मॅडमजी! आओ, आओ. अगं, पाणी आण,” त्यांनी आत हाक दिली. मी बसले नाही. एकदा बसले तर बोलणं होणार नाही, असं वाटलं. चिठ्ठी त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. चूक तिची नव्हती, माझी होती. तिने मला विचारलं होतं, मी चुकीचं लिहून दिलं. परीक्षेत मी गप्प बसले. तुमच्या पोरीइतकी बारीक नजर मी तेवीस वर्षांत पाहिली नाही.

त्यांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली, चष्मा वर करून, पावती तपासावी तशी. मग परत दिली.

“तुमचं मन मोठं है मॅडमजी,” ते म्हणाले. “इतक्या लांबून आलात. पण असू द्या आता. तुम्ही तर घरच्याच. घरचे लोक तर असंच बोलणार.”

मी काही म्हणणार, तेवढ्यात दारात चपला वाजल्या. शुभांगी. हातात जेवणाचा डबा, केसांवर थोडे थेंब. तिने मला पाहिलं, बाबांना पाहिलं, मग माझ्या हातातली चिठ्ठी. ओळखायला तिला वेळ लागला नाही.

“मॅडम, ही फाइलीतून काढली?”

“हो.”

“सुटी?”

मी मान हलवली.

ती हसली. खरंच हसली, मांडूला जेवताना हसली होती तशी. “काय मॅडम तुम्ही पण. पानाबरोबर आणायची ना. सुटी झाल्यावर काय राहिलं तिच्यात?” मग हळूच म्हणाली, “बसा, चहा टाकते. साय नाही येऊ देत.”

म्हणजे तिने तेही पाहिलं होतं.

चहा घेतला. हैदराबादचं नाव कुणी काढलं नाही. निघताना मी म्हटलं, उद्या सकाळी जाऊन पुन्हा टाचते, जशी होती तशी, आणि खाली माझ्या सहीने सगळं लिहून ठेवते. “ठेवा,” ती म्हणाली. लहान मुलाला म्हणावं तसं.

आज नऊला विभागात पोचले. कपाटं पुसून लख्ख. आमचे शिपाई कैलाशजी कुंड्यांना पाणी घालत होते. ढीग कुठे गेला, विचारलं.

“वो तो सुबह वाली गाड़ी में गया, मैडम जी. सूखे में डलवाया, गीले में नहीं.” त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. या शहरात कचरा वेगवेगळा करण्यात कुणी चुकत नाही. पुन्हा एकदा मी घाईत होते, आणि पुन्हा एकदा दुसऱ्या कुणाचीच चूक नव्हती.

समिती यायला अजून अवकाश आहे. बाहेर कुणीतरी शालींचं ताट शोधतंय. चिठ्ठी माझ्यासमोर टेबलावर आहे. माझं अक्षर, अधिकचं चिन्ह, तीन आकडे, आणि वरच्या कडेला गंजाची कडी असलेली दोन भोकं. ही कशाला टाचली होती, कुणी, कुणासाठी, काही सांगता येत नाही. एखादा नवा विद्यार्थी हिच्यावरून काही सिद्ध करतो म्हणाला, तर मी त्याला नापास करीन.